पंचवीस फ्रेम आणि नागपूरचं ऊन

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो. शहराचा अक्षांश २१ अंशांच्या किंचित वर आहे आणि त्या दिवसांत सूर्यही आकाशात तेवढ्याच उत्तरेला सरकलेला असतो. त्यामुळे झिरो माईलच्या खांबाची सावली त्याच्याच पायथ्याशी गोळा होते. खगोलप्रेमी याला शून्य सावली दिवस म्हणतात आणि मुलांना घेऊन गच्चीवर जातात. कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र वर्षातली ही सगळ्यांत वाईट वेळ. कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक पडतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि हनुवटीखालची सावली गळ्यावर डागासारखी उतरते. नवरी कितीही छान सजलेली असो, पडद्यावर ती दमलेलीच दिसते.

आणि नेमके याच दिवसांत मुहूर्त असतात. शहराभोवतालची लॉन महिनेमहिने आधी बुक होतात आणि शूटिंगवाल्याशी बोलणी करताना दोन्हीकडच्या मंडळींची मागणी एकच असते: व्हिडिओ सिनेमॅटिक पाहिजे. या मागणीतून पुढे जो प्रश्न निघतो तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. कॅमेरा कोणता घ्यायचा? हा प्रश्न खरा आहे, पण तो तिसरा किंवा चौथा. त्याआधी उजेड कुठून येतो, विजेचा दिवा सेकंदाला किती वेळा लुकलुकतो आणि समोरच्या माणसाच्या कातडीचा रंग कोणता, हे कळायला हवं. ही उत्तरं अमेरिकेतल्या यूट्यूबरच्या व्हिडिओत मिळत नाहीत. तिथली वीज वेगळी, ऊन वेगळं.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी पौराणिक सिनेमा काढला नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट पाहून पैसे घालणारे तयार झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच्या चित्रीकरणात सरस्वतीबाई फाळके भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत आणि तो उजेड नटांच्या चेहऱ्यावर वळवत. फिल्मला भोकं पाडण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. फाळक्यांच्या पहिल्या कथापटातला रिफ्लेक्टर म्हणजे घरातली चादर, हे आज नवा कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. नागपूरच्या दुपारी तीच चादर आजही तेवढीच उपयोगी पडते. किंबहुना आधी ती नवरा-नवरीच्या डोक्यावर ताणून धरावी आणि दुसरी खालून, छातीच्या उंचीवर.

कॅमेऱ्याचं महत्त्व किती, हे ठरवायला एक अलीकडचं उदाहरण पुरेसं आहे. २०२३ साली आलेला गॅरेथ एडवर्ड्‌सचा ‘द क्रिएटर’ हा हॉलिवूडचा मोठा विज्ञानपट सोनीच्या एफएक्स३ या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. तळहातावर मावेल असा हा कॅमेरा नागपुरातल्या अनेक लग्नांच्या टीमकडेही दिसतो. यंत्र तेच असूनही चित्रात फरक पडतो, कारण ‘द क्रिएटर’च्या टीमने प्रत्येक दृश्यासाठी जागा आणि वेळ निवडली होती, रात्रीचा उजेड विचार करून लावला होता आणि रंगांवर नंतर कसून काम केलं होतं. त्याच्याही आधी, २०१५ साली, शॉन बेकरने ‘टँजरिन’ आयफोन ५एस वर केला आणि तो थिएटरांत चालला. आपल्याकडे मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यांची गोष्ट पुढे माहितीपटाचा आणि नंतर हिंदी चित्रपटाचा विषय झाली.

तरीही कॅमेरा घ्यावा लागतोच, आणि घेताना काय पाहायचं हेही समजून घ्यायला हवं. दुकानात सगळ्यांत आधी ‘फुल फ्रेम’ हा शब्द कानावर पडतो. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या या सेन्सरमुळे मागची पार्श्वभूमी सहज धूसर होते आणि अंधारात चित्र स्वच्छ येतं. पण जगातले बहुतेक सिनेमे ज्या ३५ मिलिमीटर फिल्मवर तयार झाले, तिच्यावर चित्राची चौकट साधारण २२ ते २५ मिलिमीटरच रुंद असे. आजच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. सिनेमाचा लुक फुल फ्रेमशिवाय येत नाही, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. वाचलेले पैसे एका चांगल्या लेन्समध्ये घालावेत. लेन्स दहा-पंधरा वर्षं साथ देते, तर कॅमेऱ्याची बॉडी तीन वर्षांत जुनी होते.

सेन्सरच्या आकारापेक्षा जास्त विचारायचा प्रश्न बिटचा. ८ बिटच्या चित्रात लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि १० बिटमध्ये १,०२४. गुणाकार केला तर पहिल्यात सुमारे १ कोटी ६७ लाख रंगछटा आणि दुसऱ्यात १०७ कोटी. रंग न बदलता व्हिडिओ तसाच द्यायचा असेल, तर ८ बिट पुरतं. पण पावसाळ्यात फुटाळा तलावावरचं राखाडी आकाश टिपलं आणि एडिटिंगमध्ये त्यात थोडा निळा ओढला, की ८ बिटमध्ये आकाशात पट्टे उमटतात. बहुतेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत आता ‘लॉग’ नावाचा फिका, करडा प्रोफाइल येतो. जळणारा उजेड आणि दाट सावली दोन्ही त्यात टिकतात, पण नंतर रंग खूप ताणावे लागतात. म्हणून लॉग १० बिटमध्येच घ्यावा. ८ बिटचा कॅमेरा असेल तर साधा प्रोफाइल ठेवून कॉन्ट्रास्ट आणि रंगांची तीव्रता थोडी उतरवावी, आणि कॅमेऱ्यातच चित्र होईल तितकं नीट करून घ्यावं. लॉग घेतला म्हणजे आपण आपोआप व्यावसायिक झालो, या समजुतीने नागपुरातल्या कितीतरी लग्नांचे चेहरे मातकट झाले आहेत.

तिसरी गोष्ट माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर छापलेली असते आणि तिकडे कुणी बघत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांना ० ते ४० अंश सेल्सिअस एवढंच तापमान चालतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं नेहमीचंच. तेही सावलीतलं तापमान. उन्हात ट्रायपॉडवर उभ्या काळ्या बॉडीचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. पंखा नसलेले छोटे कॅमेरे ४के चित्रीकरणात अर्ध्या तासात बंद पडू शकतात, आणि ते नेमके वरमालेच्या वेळी पडतात. एफएक्स३, एफएक्स३० यांसारख्या बॉडीत पंखा दिलेला असतो. विदर्भात व्यवसाय करणाऱ्याने सेन्सरच्या आधी हे विचारावं. पंखा नसेल तर पडदा बॉडीपासून दूर उघडून ठेवावा, कॅमेऱ्यावर पांढरा रुमाल टाकावा आणि शॉट संपला की रेकॉर्डिंग बंद करावं. पावसाळ्यात अडचण उलटी होते. एसी हॉलमधून दमट अंगणात आलं की लेन्सवर वाफ धरते आणि घरी कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी. सिलिका जेलची पाकिटं घातलेला हवाबंद डबा हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त इलाज.

आता सेटिंग्ज. मूकपटाच्या काळात सेकंदाला किती फ्रेम हे कॅमेऱ्याचा दांडा फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आला. आवाज फिल्मवरच छापायचा तर वेग स्थिर हवा, म्हणून २४ फ्रेम ही संख्या पक्की झाली. जवळपास शंभर वर्षं जगाच्या डोळ्यांना तीच सवय लागली आहे, म्हणून ५० किंवा ६० फ्रेमचा गुळगुळीत व्हिडिओ क्रिकेटच्या प्रक्षेपणासारखा वाटतो आणि २४ किंवा २५ फ्रेमचा सिनेमासारखा. भारतात २५ सोयीचे.

याचं कारण भिंतीतल्या वायरींमध्ये आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. शटर १/५० वर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके पकडले जातात आणि उजेड स्थिर राहतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिथला शिक्षक ३० फ्रेम आणि १/६० शटर सांगतो. तो त्याच्या गावी बरोबर असतो. तेच सेटिंग नागपूरच्या इतवारीतल्या हॉलमध्ये लावलं की सगळं चित्र धडधडायला लागतं. स्लो मोशनसाठी १०० फ्रेम घेतल्या की शटर १/२०० होतं आणि एकाच फ्रेममध्ये काळे-उजळ पट्टे दिसतात. हळदीच्या मांडवात झुलणाऱ्या स्वस्त एलईडी माळांखाली ते हमखास होतं. म्हणून स्लो मोशन दिवसाच्या उजेडात घ्यावं, किंवा आपले लुकलुक नसलेले दिवे सोबत न्यावेत.

१/५० चं दुसरं कारण जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या अर्धगोल चकतीत आहे. ती चकती फ्रेमचा अर्धा वेळ झाकलेली आणि अर्धा वेळ उघडी राही, म्हणून हलणाऱ्या हाताला एक मऊ धूसरपणा येई. शटर १/१००० केलं तर तो धूसरपणा जातो आणि ढोलताशावाल्यांच्या काठ्या तुटक, करकरीत दिसतात. पण भर उन्हात १/५० ठेवायचं तर उजेड जास्त होतो. किती जास्त, हे मोजून पाहावं. छायाचित्रकारांच्या जुन्या आडाख्याप्रमाणे लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० असताना अ‍ॅपर्चर एफ २२ लागतं. नवऱ्याच्या मागची गर्दी धूसर हवी म्हणून ते एफ २.८ वर आणलं, तर सहा स्टॉप उजेड जास्त झाला, म्हणजे ६४ पट. त्यात लॉग प्रोफाइलचा मूळ आयएसओ बऱ्याच कॅमेऱ्यांत ६४० किंवा ८०० असतो. त्याचे आणखी तीन स्टॉप. एकूण नऊ, म्हणजे सुमारे ५०० पट. बाजारात सर्रास मिळणारे, उजेड अडवणारे फिरवायचे एनडी फिल्टर दोन ते पाच स्टॉपचे असतात. म्हणजे नागपूरच्या उन्हात ते अर्ध्या वाटेवरच थांबतात, आणि शेवटपर्यंत फिरवले तर चित्रावर काळी फुली उमटते. एक ठरावीक सहा स्टॉपचा आणि एक बदलता असे दोन फिल्टर, किंवा कॅमेऱ्यातच एनडी असलेलं मॉडेल, हा खर्च दुसऱ्या बॉडीच्या आधी करायचा आहे. हे गणित एकदा कागदावर केलं की ‘आमचा व्हिडिओ मोबाइलसारखा का दिसतो’ या तक्रारीचं निम्मं उत्तर मिळतं.

उरलेलं निम्मं घड्याळात आहे. मे अखेरीस नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या पुढेमागे मावळतो. पहिला आणि शेवटचा तास तिरप्या, सोनेरी उजेडाचा. चांगला शूटिंगवाला मुहूर्ताची वेळ बदलू शकत नाही, पण जोडप्याचे वेगळे शॉट सकाळी सहाला उरकू शकतो, आणि घरच्यांना तसं आधी सांगणं हा त्याच्या कामाचाच भाग. अविनाश अरुण यांनी ‘किल्ला’ स्वतः दिग्दर्शित केला आणि स्वतःच चित्रित केला. २०१४ साली बर्लिनला गौरवलेल्या त्या चित्रपटाचा ओला, मऊ उजेड कोकणच्या पावसाचा आहे. विदर्भात तसा उजेड हवा तर जुलै-ऑगस्टची वाट पाहावी लागते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेल्या पुतळ्यांची मिरवणूक, त्याच पावसाळ्यातली. काळी आणि पिवळी मारबत जुन्या नागपूरच्या गल्ल्यांतून निघतात, नेहरू पुतळ्याजवळ त्यांची भेट होते आणि लोटलेल्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे चेहऱ्यावर कठोर सावल्या पडत नाहीत. पण एखादा ढग सरकला की उजेड दुप्पट होतो. तिथे गिंबल उघडायलाही जागा मिळत नाही. छोटी बॉडी, २४ मिलिमीटरची रुंद लेन्स, बॉडीतलं स्थिरीकरण आणि पावसापासून बचावाला प्लॅस्टिकची पिशवी एवढं पुरतं. मुख्य म्हणजे इथे अ‍ॅपर्चर एफ ५.६ किंवा ८ ठेवावं. मागची गर्दी धूसर करून मारबत एकटी दाखवली तर चित्र देखणं होईल आणि मारबत हरवेल. गच्चीवरून वाकलेल्या बाया, खांद्यावरची पोरं, बडग्या नावाच्या पुतळ्यांवर लिहिलेल्या घोषणा हे सगळं स्पष्ट दिसायला हवं. धूसर पार्श्वभूमी म्हणजेच सिनेमा, ही समजूत लेन्सच्या जाहिरातींनी पसरवली आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा लांब उभा राहतो, बराच वेळ हलत नाही आणि खोलीतलं सगळं दिसू देतो. त्या चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार मिळाले.

नागपूर शहराचा स्वतःचा मोठा नमुना म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’. ४ मार्च २०२२ रोजी आलेला हा चित्रपट विजय बारसे यांनी नागपुरात उभ्या केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलवर आधारलेला आहे आणि त्याचं चित्रीकरणही इथेच झालं. कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा. ‘सैराट’ही त्यांनीच चित्रित केला होता आणि ‘नाळ’ दिग्दर्शितही केला. ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन आहेत, पण उजेड त्यांच्यासाठी वेगळा मऊ केलेला जाणवत नाही. पत्र्याची घरं, मैदानातली धूळ आणि वस्तीतल्या पोरांचे उन्हाने रापलेले चेहरे त्यांच्या खऱ्या रंगात राहतात. त्यांतल्या अंकुश गेडाम या नागपूरच्या तरुणाला पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. चेहरा गोरा न करता तो पडद्यावर भारून टाकू शकतो, हे या चित्रपटाने या शहराला दाखवून दिलं, आणि शूटिंगचा धंदा करणाऱ्यांनी ते मनावर घ्यायला हवं.

कारण एडिटिंगच्या टेबलावर सगळ्यांत जास्त नुकसान कातडीच्या रंगाचं होतं. इंटरनेटवर शेकड्यांनी मिळणारे तयार लट म्हणजे रंगांची ठरलेली सूत्रं. त्यांतली बरीचशी गोऱ्या चेहऱ्यांवर आणि परदेशातल्या थंड उजेडात तयार झालेली असतात. ती सावळ्या चेहऱ्यावर टाकली की गाल नारिंगी होतात आणि सावल्या हिरवट-निळ्या. हळदीचा पिवळा आणि चुड्याचा हिरवा या दोन रंगांची तर पार वाट लागते, आणि घरच्यांना नेमके तेच रंग आठवणीत ठेवायचे असतात. म्हणून क्रम असा धरावा: चित्रीकरणाच्या वेळीच व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता पक्का करायचा, दिवसा ५,६०० केल्विनच्या आसपास. टेबलावर लॉगचं रूपांतर टीव्हीच्या रेक ७०९ या प्रमाण रंगपद्धतीत करायचं. मग उजेड आणि रंग सरळ करायचे. रंग मोजणाऱ्या व्हेक्टरस्कोप या आलेखावर कातडीच्या रंगाची एक रेघ असते. माणूस गोरा असो की काळा, चेहरा नीट असेल तर रंग त्या रेघेच्या जवळपास पडतात. हे सगळं झाल्यावरच शेवटी एखादा लुक हलक्या हाताने, अर्ध्या तीव्रतेवर. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती ४के पर्यंत हे सगळं करू देते, त्यामुळे सॉफ्टवेअर महाग म्हणून अडलं, असं आता म्हणता येत नाही.

वरखाली काळ्या पट्ट्या लावून चित्र रुंद करण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. चित्रीकरण करताना ती चौकट डोळ्यांपुढे नसेल, तर पट्ट्या फेटे आणि हात कापतात, बाकी काही साधत नाही.

संकलनाची ताकद काय असते, यासाठी नागपूरला लांब पाहायची गरज नाही. राजकुमार हिरानी याच शहरात वाढले. वडिलांची इथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी दिग्दर्शन नाही, संकलन शिकलं. पुढे ‘मिशन कश्मीर’चं संकलन केलं आणि ‘३ इडियट्स’, ‘पीके’ स्वतःच संकलित केले. त्यांच्या चित्रपटांतले प्रसंग आठवून पाहावेत: समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रतिक्रिया उमटेपर्यंत शॉट टिकतो, उमटली की पुढे सरकतो. लग्नाच्या व्हिडिओत हे सहज करता येतं. नवरीच्या बापाच्या डोळ्यांत पाणी येण्याआधी तो दोनदा गिळतो. ते दोन सेकंद ठेवायचे की गाण्याच्या ठेक्यावर कापायचे, यावर सगळा व्हिडिओ अवलंबून असतो. अर्ध्या सेकंदाचे चाळीस शॉट एका गाण्यात कोंबले की डोळा काहीच धरून ठेवत नाही.

आवाजाचं तर कुणी बोलतच नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर असतात आणि कॅमेऱ्यावरचा माइक मंगलाष्टकांपेक्षा कूलरच मोठ्याने टिपतो. भटजींच्या उपरण्याला एक छोटा वायरलेस माइक आणि नवऱ्याच्या शेरवानीला दुसरा, एवढ्याने चित्र अर्ध्या किमतीचं असलं तरी व्हिडिओ दुप्पट श्रीमंत वाटतो. आजीने आशीर्वाद देताना काय म्हटलं, हे दहा वर्षांनी ऐकू यायला हवं.

साठवणुकीचा हिशेब आधीच धरावा. १० बिटचं ४के चित्र १४० मेगाबिटने घेतलं तर तासाला सुमारे ६३ जीबी जागा लागते. तीन दिवसांच्या लग्नात दोन कॅमेऱ्यांवर मिळून दहा तास भरले तर सव्वासहाशे जीबीच्या पुढे. त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर त्याच रात्री करावी, कार्ड त्यानंतरच फॉरमॅट करावं. जुना संगणक अडखळत असेल तर एडिटिंगसाठी हलक्या प्रॉक्सी फाइल्स कराव्यात. मूळ फाइल्स शेवटी आपोआप जोडल्या जातात.

मुलाला किंवा मुलीला नुसतं शिकायचं असेल, तर घरातल्या मोबाइलपासून सुरुवात करायला हरकत नाही. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप मोफत आहे, आयफोनवर आणि अनेक अँड्रॉइडवरही चालतं, आणि त्यात २५ फ्रेम, १/५० शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करता येतात. महिनाभर सकाळी सहाला महाल भागातल्या बाजारात आणि संध्याकाळी फुटाळ्यावर जाऊन त्यावर चित्रण केलं, की पुढचा कॅमेरा निवडताना दुकानदाराला काय विचारायचं ते नीट कळतं. मोठी बॉडी आणि लेन्स तोवर भाड्याने आणावी. विकत घेण्यापूर्वी दोन-तीन लग्नं भाड्याच्या कॅमेऱ्यावर केलेली बरी.

तयार व्हिडिओ देताना एक काळजी घ्यावी. बहुतेक नातेवाईक तो घरच्या टीव्हीवर पाहतात आणि दुकानातून आलेला टीव्ही सहसा भडक रंगांच्या मोडवर असतो. म्हणून अंतिम प्रत एकदा साध्या टीव्हीवर लावून पाहावी आणि लाल, पिवळा जरा आवरावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि महिनाभराच्या मेहनतीचे चौकोन होतात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंत जसाच्या तसा पोचतो. यूट्यूबवर चढवायचा असेल तर १०८०चं कामसुद्धा ४के मध्ये एक्स्पोर्ट करावं; ४के फाइलला तिथे जास्त बिटरेट मिळतो आणि हळदीच्या पाठीमागची झेंडूची तोरणं मोबाइलवरही वेगवेगळी दिसतात.